दुखणं कुणाचं, कर्ज कुणाच्या नावावर?

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या चिकोडी किंवा निपाणीकडचं दोन-अडीच एकर उसाचं घर घ्या. उतारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. उसाचं बिल त्याच्या खात्यावर जमा होतं, सोसायटीचा सभासद तोच, आणि धारा बाई काढत असली तरी डेअरीचं पुस्तक बहुतेक घरांत त्याच्याच नावाचं. बाईच्या नावावर काय असतं? लग्नात अंगावर घातलेलं सोनं, महिला संघाचं पासबुक आणि मायक्रोफायनान्सचं हप्त्याचं कार्ड. आता घरात अचानक मोठं दुखणं आलं आणि चार दिवसांत साठ हजार उभे करायचे झाले, तर पैसा निघतो तो बहुतेकदा या दुसऱ्या यादीतून. आजारी नवरा असो की मुलगा, दागिना तिचा जातो आणि सही तिची लागते. दुखणं तिचं स्वतःचं असेल तर ते साठ हजारांपर्यंत पोचूच दिलं जात नाही. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, काढा प्यायचा, आणि "सुगी झाली की बघू."

आजारपणाचा खर्च वरून एकच आकडा दिसतो. तो कुणाच्या वस्तूतून निघाला आणि कुणाच्या हजेरीतून फिटणार, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, बाळंतपणं वगळून, ग्रामीण भारतात एकदा दवाखान्यात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च १६,६७६ रुपये निघाला. सरकारी दवाखान्यात तो ४,२९० आणि खासगीत २७,३४७. यातले सुमारे ८० टक्के खर्च मुख्यतः कमाईतून आणि शिल्लकीतून भागले, १३.४ टक्के कर्जातून. वस्तू विकून भागलेले अर्धा टक्कासुद्धा नाहीत. वाचताना वाटतं, लोकांचं बरं चाललंय. पण पाहणी घराला विचारते, घरातल्या माणसाला नाही. ज्या 'शिल्लकी'तून बिल भरलं ती बाईनं दूध-अंड्यांतून साठवलेली होती का, आणि त्यानंतर तिचं स्वतःचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे गेलं का, हे त्या रकान्यात दिसत नाही.

पैसा कोणत्या पायरीवर थांबतो

गावाकडं पैसा उभा करण्याचा क्रम जवळजवळ ठरलेला आहे. आधी हातातली रोकड, म्हणजे दुधाचं बिल, आठवड्याची मजुरी, डब्यात ठेवलेल्या नोटा. मग भाऊबंदांकडून उसनवार. मग संघाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज. मग दागिना. मग म्हैस. त्यापुढं शेत एक-दोन सालं खंडानं देणं, आणि अगदी शेवटी जमीन विकणं. घरचा कर्ता पुरुष पडला तर ही शिडी आठवड्याभरात वरपर्यंत चढली जाते. बाई पडली तर चढाई दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच थांबते. मुलांच्या बाबतीतही हेच. राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे की मुलगा दाखल झाला तर आईबाप कर्ज काढण्याची किंवा वस्तू विकण्याची शक्यता, मुलगी दाखल झाली त्यापेक्षा जास्त असते.

यात दुष्टपणा कमी आणि हिशेब जास्त असतो. "तो उठला तर कर्ज फिटेल" हा तो हिशेब. तो चुकतो कुठं, तर बाईच्या कामाला हजेरी लावलेली नसते. समजा ती महिनाभर अंथरुणाला खिळली. भांगलणीला तिच्या जागी पंधरा दिवस दुसरी बाई घेतली, हजेरी ३०० रुपये धरली, की झाले ४,५००. धार काढणारा हात बदलला की म्हैस पान्हा चोरते. दिवसाला दोन लिटर दूध घटलं, लिटरला ४५ रुपये धरले, तर महिन्याचे २,७००. म्हणजे ७,२०० रुपये घरातून गेलेच, आणि यात चूल, पाणी, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचं औषध काहीच धरलेलं नाही. महिनाभर आधी दवाखान्यात नेली असती तर कदाचित यापेक्षा कमी खर्च आला असता.

कर्नाटकातल्याच कोप्पळ जिल्ह्यात संशोधक गीता सेन आणि अदिती अय्यर यांनी केलेल्या अभ्यासात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढं आली. उपचार शेवटपर्यंत चालू राहण्याच्या बाबतीत सधन घरचे पुरुष सगळ्यांत वर होते, गरीब घरच्या बायका सगळ्यांत खाली. मधे मात्र गरीब पुरुष आणि सधन घरच्या बायका जवळजवळ बरोबरीला. गरीब पुरुषाला पुरुष असण्याचा आधार मिळतो, सधन घरच्या बाईला घरच्या पैशाचा. गरीब बाईजवळ यातलं काहीच नसतं. म्हणून "गरिबी हटली की आपोआप सुटेल" हे या प्रश्नाचं उत्तर पुरं पडत नाही.

अंगावर काढलेलं दुखणं महाग पडतं

बायकांची बरीचशी 'अचानक' दुखणी खरं तर अचानक नसतात. सगळ्यांत नेहमीचं उदाहरण पाळीत जास्त रक्तस्राव होण्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या ४७.८ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्तक्षय, ८च्या खाली गेलं की तो तीव्र. आकडा ९-१० असताना उपाय स्वस्त आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासणी, लोहाच्या गोळ्या, आणि आकडा वर आला तरी पुढं काही महिने त्या चालू ठेवणं. गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते, कारण चहा लोह अंगात मुरू देत नाही; लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. शौच काळी होते किंवा मळमळतं म्हणून आठवड्यात गोळी सोडून देणं हे नेहमीचं. अशा वेळी गोळी जेवणानंतर किंवा रात्री घ्यावी, आरोग्य केंद्रातून दुसरी मागून घ्यावी, पण बंद करू नये. तेच हिमोग्लोबिन ६वर आल्यावर मात्र दाखल होणं, रक्त चढवणं, रक्त देणारा शोधणं, गाडी, सोबतीला माणूस असं सगळं मागं लागतं.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, तासा-दोन तासाला कापड बदलावं लागतं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं, यातलं काहीही असेल तर महिनाभरही थांबू नये. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात तपासावं.

याच टप्प्यावर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला भेटतो. घरालाही तो सोयीचा वाटतो, एकदाच खर्च करून कटकट मिटते म्हणून. काही आजारांत गर्भाशय काढणं खरोखर गरजेचं असतंच. पण गर्भाशयातल्या गाठी लहान असतील किंवा नुसता रक्तस्राव असेल, तर आधी सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, गोळ्या, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू बसवणं, असे टप्पे असतात. अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. चाळिशीच्या आतल्या बाईला हा सल्ला मिळाला तर दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. अंडाशयंही काढणार का, हे तोंडी न विचारता लिहून घ्या. ती गेली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि त्याचा खर्च पुढची वीस वर्षं चालतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे वजन उचलायचं नसतं. घरात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळशी आणि वैरणीचा भारा डोक्यावर येतो, मग टाके दुखतात, मग परत दवाखाना.

साठ हजारांची खरी किंमत

आता कर्जाचा हिशेब. साठ हजार चार ठिकाणांहून आणता येतात असं धरू.

ओळखीचा सावकार शेकडा पाचनं देतो. महिन्याला ३,००० रुपये व्याज, वर्षाला ३६,०००, आणि मुद्दल जागचं हललेलं नाही. तरी लोक जातात, कारण तो रात्री अकरालाही पैसे देतो आणि कागद मागत नाही.

मायक्रोफायनान्सचं कर्ज वार्षिक २४ टक्क्यांनी, घटत्या मुद्दलावर, दोन वर्षांचं असेल, तर महिन्याला साधारण ३,१७० रुपये भरावे लागतात. दोन वर्षांत ७६,००० गेले, त्यात व्याज १६,०००. वर प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापून घेतात, त्यामुळं हातात साठ येत नाहीत. इथं दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. पहिली, हे गटकर्ज बहुधा बाईच्याच नावावर मिळतं. नवऱ्याच्या ऑपरेशनला काढलं तरी हप्त्याच्या दिवशी उभं राहायचं तिनं, आणि चुकला तर शेजारणींच्या नजरा झेलायच्या तिनंच. दुसरी, कर्जाबरोबर विकलेला विमा बहुतेकदा मृत्यूचा असतो. कर्जदार आजारी पडली म्हणून हप्ता माफ होत नाही. दाखल झाल्यावर रोजचा भत्ता देणारी वेगळी पॉलिसी गळ्यात मारलेली असेल, तर ती किती दिवसांपासून लागू होते आणि डिस्चार्ज कार्ड किती दिवसांत द्यायचं, हे घेतानाच विचारून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स कर्जाला तारण मागता येत नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५मध्ये काढलेल्या वटहुकमात जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. दवाखान्यात खाटेजवळ येऊन तगादा लावणारा माणूस हे नियम मोडत असतो. तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

सोनं तारण ठेवून बँकेतून वर्षाला १० टक्क्यांनी घेतले, तर व्याज ६,०००. चारांत स्वस्त हेच. पण किती सोन्यावर किती मिळतात हे नीट बघा. तराजूवर दागिना आहे तसा जातो, कर्ज मात्र निव्वळ सोन्यावर मिळतं. जुनी बोरमाळ वजनाला भरते, पण मण्यांच्या पोटात लाख असते. मंगळसूत्रातले काळे मणी आणि कुड्यांतले मोती-खडे वजा होतात. समजा बोरमाळ १२ ग्रॅम भरली आणि लाख-दोरा ३ ग्रॅम वजा गेला. राहिलेल्या ९ ग्रॅमला, दर सोयीसाठी १०,००० धरला, तर किंमत ९०,००० आणि ७५ टक्क्यांनी कर्ज ६७,५००. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या नव्या निर्देशांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ही मर्यादा ८५ टक्के केली आहे. जास्त मिळतं म्हणून जास्त उचलू नका. व्याज उचललेल्या रकमेवर चालतं.

पावतीही अशीच नीट बघा. दागिना नवऱ्यानं नेऊन ठेवला की पावती त्याच्या नावाची होते आणि सोडवताना दागिना त्याच्या हातात येतो. म्हणून बाईनं स्वतः जावं, कर्ज तिच्या नावावर, पावती तिच्याजवळ. ठेवण्याआधी दागिन्याचा फोटो, वजन आणि 'अमक्याच्या उपचारासाठी दिला' अशी दोन ओळींची चिठ्ठी घरच्यांच्या सहीनं करून ठेवावी. नात्यात वाईट दिसतं म्हणून हे टाळलं जातं, पण नंतर वाटणीच्या वेळी किंवा नवरा गेल्यावर तोच कागद कामाला येतो. स्त्रीधन पूर्णपणे बाईच्या मालकीचं आहे. अडचणीत नवऱ्यानं वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

राहिली म्हैस. सत्तर हजारांना विकली की व्याज शून्य, म्हणून हा मार्ग बरा वाटतो. पण गरजवंताला दर कमी मिळतो, तशीच म्हैस परत घ्यायला जास्त पडतात, आणि मधल्या काळात दुधाचं बिल बंद. दिवसाला खर्च वजा जाता १२० रुपये सुटत असतील, तर महिन्याचे ३,६०० गेले, म्हणजे सावकाराच्या व्याजापेक्षा जास्त. शिवाय गेला तो घरातला एकमेव पैसा जो बाईच्या हातातून फिरत होता. दुभती म्हैस विकणं सोनं तारण ठेवण्याच्या आधी येऊ नये. भाकड असेल तर गोष्ट वेगळी.

कार्ड आहे, पण सुनेचं नाव कुठं आहे?

कर्ज काढण्याची वेळच येऊ नये म्हणून कर्नाटकात 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजना २०१८पासून आहे. बीपीएल रेशन कार्डाच्या घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. एपीएल घराला पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. आधार आणि रेशन कार्ड घेऊन 'ग्राम वन' या गावातल्या सरकारी सेवा केंद्रात कार्ड निघतं, प्रत्येक माणसाचं वेगळं. घरात फक्त कर्त्याचं कार्ड काढलेलं असणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

दुसरी चूक रस्त्याची. तातडीची वेळ नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात जायचं: प्राथमिक केंद्र, तालुका इस्पितळ, किंवा बेळगावचं सिव्हिल. तिथं तो उपचार होत नसेल तर तिथला डॉक्टर चिठ्ठी देतो आणि ती घेऊन योजनेतल्या खासगी इस्पितळात जायचं. हार्ट अॅटॅक, अपघात अशा तातडीच्या वेळी चिठ्ठी लागत नाही, पण इस्पितळ योजनेतलं हवं. लोक आधी ओळखीच्या नर्सिंग होममध्ये जातात, वीस हजार अनामत भरतात, तीन दिवसांनी कार्ड पुढं करतात. योजना कॅशलेस आहे; आधी भरून मागून परत मिळवण्याची नाही. इस्पितळ आधी योजना चालवणाऱ्या ट्रस्टकडं मंजुरी मागतं, मग उपचार धरले जातात. म्हणून दारात शिरताच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा, पैसे भरण्याच्या खिडकीकडं नंतर जा. कागद कन्नडमध्ये असतात. ज्या बाईला देवनागरीच वाचता येते तिनं सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगावा, यात कमीपणा काही नाही. चौकशीला १०४, रुग्णवाहिकेला १०८.

आता सीमाभागातली खास अडचण. इथं मुली चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळहून इकडं येतात आणि इकडच्या तिकडं जातात. लग्नाला चार-पाच वर्षं झाली तरी सुनेचं नाव माहेरच्या, महाराष्ट्रातल्या रेशन कार्डात तसंच असतं आणि आधारवर पत्ताही माहेरचाच. अशी सून सासरच्या कार्डात नाही म्हणून कर्नाटकच्या योजनेत बसत नाही. महाराष्ट्राच्या योजनेसाठी माहेरचं कार्ड घेऊन आई-भावाला धावावं लागतं, आणि भावानं मधे नाव कमी करून घेतलं असेल तर तीही वाट बंद. ती दोन्हीकडून निसटते, आणि हे कळतं ते दाखल करायच्या दिवशी.

क्रम असा ठेवा. आधी माहेरच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला घ्या. मग लग्नाच्या दाखल्यावर आधारचा पत्ता आणि नवऱ्याचं नाव दुरुस्त करा. दोन्ही कागदांवर नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर एक हवं. मग सासरच्या रेशन कार्डात नाव घाला. इथं वेळ जातो, कारण नाव घालण्याचं पोर्टल कायम उघडं नसतं. ग्राम वनमध्ये तारीख विचारत राहावं लागतं. दाखला आणि नवी नोंद यांच्या मधे ती कुठल्याच कार्डात नसते, म्हणून गरोदरपणात किंवा ठरलेल्या ऑपरेशनच्या तोंडावर हे काम काढू नका. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरकलेलं बरं.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. कागवाडकरांना मिरज दाराशी आणि बेळगाव शंभर किलोमीटरच्या पलीकडं. माणूस जवळच्या गावी जाणार, आपल्या भाषेत बोलणाऱ्या डॉक्टरकडं जाणार. पण सीमेपलीकडं कर्नाटकचं कार्ड चालेलच असं धरून निघू नका. इस्पितळाला फोन करून त्या रुग्णाचा कार्ड नंबर सांगून विचारा. २०२३ साली महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू करण्याचं ठरवलं, आणि जानेवारी २०२४मध्ये बेळगाव भागातली नोंदणी केंद्रं इथल्या प्रशासनानं बंद केली. या वादात ज्याची बाजू जी असेल ती असो. रुग्णवाहिकेत बसताना विचारायचं ते एवढंच की आज, या इस्पितळात, या बाईसाठी कोणतं कार्ड घेतलं जाईल.

यशस्विनी

एपीएल कार्डाच्या शेतकरी घराला आमच्या मते सगळ्यांत उपयोगाची योजना म्हणजे कर्नाटक सरकारची, सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीची यशस्विनी आरोग्य योजना, आणि तिच्याकडंच जास्त दुर्लक्ष होतं. ती २००३मध्ये सुरू झाली, मधे बंद पडली आणि २०२२-२३मध्ये परत आली. ग्रामीण भागात चार माणसांच्या घराला वर्षाला ५०० रुपये, पुढच्या प्रत्येकाला १००. अनुसूचित जाती-जमातींची वर्गणी सरकार भरतं. संरक्षण ५ लाखांचं. अट अशी की घरातलं कुणीतरी सहकारी संस्थेचा किंवा सहकाराशी जोडलेल्या स्वयंसहाय्य गटाचा सभासद हवं. नोंदणीची मुदत ठरावीक महिन्यांची असते, ती चुकली की वर्ष गेलं, आणि दरवर्षी नव्यानं भरावं लागतं. सभासद नवरा असेल तर पावतीवर बायको, सून, आई यांची नावं खरंच चढली आहेत का ते वाचून घ्या. शंभर रुपये वाचवायला जे नाव गळतं ते सहसा म्हातारीचं.

बिलात न येणारा खर्च

कार्डावर उपचार फुकट झाले तरी जाण्या-येण्याचा, जेवणाचा, बाहेरच्या औषधांचा आणि बुडालेल्या हजेरीचा खर्च उरतो. दहा दिवस सिव्हिलमध्ये असलेल्या रुग्णामागं हे सहज आठ-दहा हजारांवर जातं. सोबतीला कोण राहतं? नवरा आजारी असेल तर बायको. बायको आजारी असेल तर तिची आई, बहीण, नाहीतर आठवी-नववीतली मुलगी. जून २०२३पासून राज्याच्या आत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाल्यावर डबा पोचवायची पाळीही त्यांच्यावरच आली, कारण तिकीट वाचतं. मुलीची शाळा किती दिवस बुडतेय हे कुणीतरी मोजायला हवं. पंधरा दिवसांवर गेली की परत बसणं अवघड होतं. दाखल करतानाच घरातल्या पुरुषांसकट पाळ्या लावून टाकाव्यात.

तिच्या नावावर काय करता येईल

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये रेशन कार्डात कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या बाईला मिळतात. एकत्र घरात ती बहुधा सासू असते, म्हणजे सुनेच्या हातात यातलं काही येईलच असं नाही. सासू-सुनेनं मिळून त्यातले ५०० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाकले, तर वर्षाला ६,००० आणि वर थोडं व्याज होतं. आकडा लहान वाटेल. पण रात्री गाडी करून बेळगाव गाठायला, पहिल्या तपासण्यांना आणि तीन दिवसांच्या जेवणाला तेवढे पुरतात, आणि सावकाराचं दार ज्या पहिल्या रात्री वाजवलं जातं ती रात्र निभावते.

डेअरीचं खातं तिच्या नावावर करणं हे त्याहून मोठं काम. राज्याच्या दूध संघाला जोडलेल्या गावच्या संस्थेत दूध घातलं तर सरकारचं लिटरमागं पाच रुपयांचं प्रोत्साहन थेट खातेदाराला मिळतं. दूध सीमेपलीकडच्या संघाला जात असेल तर नाही. शिवाय दूध संस्थेची सभासद झाली की यशस्विनीसाठी ती स्वतःच पात्र ठरते. उद्या नवरा गेला किंवा सोडून गेला तरी तिचं संरक्षण तुटत नाही. शेती सोसायटीत सभासद व्हायला बहुधा उताऱ्यावर नाव लागतं, दूध संस्थेत म्हैस पुरते.

उरलं बँकेचं खातं. उसाचं बिल आणि पीककर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यावर असतं. तो बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात असला की लाखभर रुपये खात्यात पडून राहतात आणि बायको बाहेर शेकडा पाचनं पैसे काढते. खात्याला तिचं नाव वारस (नॉमिनी) म्हणून लावलं आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. पण वारसाला पैसे मिळतात ते खातेदार मेल्यावरच. तो जिवंत आणि आजारी असताना वारसाची सही चालत नाही. त्यासाठी खातं दोघांच्या नावे आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशा सूचनेचं हवं, म्हणजे दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीनं पैसे निघतात. अर्ज शाखेतच मिळतो. दोघांचं आधार, पॅन, फोटो लागतात आणि दोघांना समक्ष जावं लागतं. कारखान्याला दिलेला खाते क्रमांक बदलत असेल तर शेतकी विभागात नवं पासबुक द्यावं लागतं, नाहीतर बिल जुन्याच खात्यावर पडतं. गळीत हंगाम सुरू झाला की शाखेत आणि कारखान्यात दोन्हीकडं गर्दी असते. श्रावण-भाद्रपदात, शेतात काम कमी आणि दोघंही चालते-फिरते असताना हे अर्ध्या दिवसात होतं.